सोमवारची रताळी

भाजीवालीने आज रताळ्यांचा ढीग लावला होता. अंगाला माती तशीच, लालसर, वाकडीतिकडी, एकमेकांवर पाय टाकून झोपल्यासारखी. मी थांबले आणि भाव विचारायच्या आधी मनात वार मोजला. बुधवार. मग माझा मलाच राग आला. वर्ष झालं, तरी ही खोड गेलेली नाही.

माघातल्या मुलुंडला आम्ही थंड म्हणतो. डोंगर जवळ आहे, त्यामुळे इथे गारवा जास्त, असं घाटकोपरच्या नातेवाइकांना ऐकवतो. जास्त म्हणजे पंखा पाचावरून दोनवर येतो. सकाळी बांधकामांची धूळ आणि धुकं यातलं काय कोणतं ते कळत नाही, आणि दुपारी ऊन पायरीवर बसण्याइतकं मऊ असतं. या दिवसांत बाजारात मटार येतो, गाजरं येतात आणि रताळी येतात. मटार-गाजरांवर मी कधी संशय घेतला नाही. रताळ्यांवर घेतला. गेल्या वर्षीचा सगळा माघ मी एका रताळ्याच्या मागावर होते, असं म्हटलं तरी चालेल.

आमचं घर पत्रकांचं. पप्पा भांडुपच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला आणि त्यांची पत्रकं वाढली. पत्रक म्हणजे एक कागद, दोन घड्या आणि वर ठळक मथळा. हुंड्याविरुद्ध, बाबा-बुवांविरुद्ध, नळाला न येणाऱ्या पाण्याविरुद्ध. बाकीच्या मुली भातुकली खेळत होत्या त्या वयात मी बुद्धविहाराच्या गच्चीवर बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. बारा वर्षांची झाले तेव्हा पप्पांनी माझ्या हातात लाल पेन दिलं आणि चुका काढायला सांगितलं. त्या दिवसापासून मी चुकाच काढते आहे. पत्रकाची भाषा अंगात भिनली की माणूस प्रश्नचिन्हात आणि उद्गारचिन्हात विचार करतो. समोर काहीही येवो, टूथपेस्ट येवो नाहीतर लग्नाची पत्रिका, आमच्या घरात पहिला प्रश्न एकच: यात कोणाचा फायदा?

आमच्या घरी मायक्रोवेव्ह आला तो आत्याकडून. आत्या मुलाकडे नाशिकला राहायला गेली आणि तिचं जुनं यंत्र आमच्या ओट्यावर येऊन बसलं. शेजारच्या परबकाकू ते बघायला आल्या. काकू मूळच्या मालवणच्या. त्या यंत्रापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. "अन्नात किरणां जातत गो शालू, मगे केस गळतत." पप्पांनी हे ऐकलं आणि आठवड्याभरात पत्रक तयार: मायक्रोवेव्ह, समज आणि गैरसमज. सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटलं. ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह नव्हता त्यांनाही दिलं. आई मात्र कितीतरी दिवस त्याच्याकडे पाठ करून दूध गरम करायची. "पत्रक वाचलंस ना?" पप्पा विचारायचे. "वाचलं. घड्याही मीच घातल्या," आई म्हणायची, आणि पाठ तशीच ठेवायची.

आई विहाराच्या खालच्या खोलीत बालवाडी चालवते. शालूताई. चाळीसएक पोरांना एका दमात गप्प करणारा तिचा आवाज अख्ख्या गल्लीला ओळखीचा आहे. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा आमच्या घरातून देव गेले, नवस गेले, उपास गेले. ते परत येऊ नयेत म्हणून पप्पा दारात उभे असतात, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. रताळी आम्ही खायचो, पण महाशिवरात्रीच्या आठवड्यात पप्पा घरात रताळं आणत नसत. "गैरसमज नको." कोणाचा गैरसमज, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक रताळ्याचाच.

मी एका मॉलमधल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात काम करते. गेल्या वर्षी जानेवारीत माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारची सोमवारी झाली. गुरुवारच्या दुपारी मी पत्रकं वाटत बाहेरच असायचे. पहिल्या सोमवारी मी दुपारी अंथरुणात लोळत होते. स्वयंपाकघरातून मायक्रोवेव्हची टिंग ऐकू आली. मी उठून गेले तर आई ओट्याशी उभ्याने काहीतरी खात होती. माझी चाहूल लागली तशी तिने ताटली पुढे सरकवून अंगाआड केली.

"काय खातेस?"

"रताळं."

"का?"

"का म्हणजे? भूक लागली."

"कालचा रस्सा आहे ना. मटणाचा रस्सा सोडून रताळं?"

"जड होतो मला. जा, तोंड धू आधी. बारा वाजले."

दुसऱ्या सोमवारी परत रताळं. तिसऱ्या सोमवारीही. आता मला सांगा, पत्रकांच्या घरातली मुलगी यातून काय समजणार? सोमवार. रताळं. लपून. माझ्या डोक्यात मथळा छापून तयार झाला.

रताळं पाच मिनिटांत शिजतं, हे मी त्या महिन्यात आईला चोरून बघून शिकले. ती आधी नळाखाली धरून बोटांनी माती काढायची, मग काट्याने चारी बाजूंनी भोकं पाडायची. ओल्या फडक्यात गुंडाळून तीन मिनिटं. मग उलटं करून दोन. मग दार न उघडता थोडा वेळ तसंच. हे सगळं ती घड्याळाकडे बघत, दाराकडे बघत करायची. कुकर लावला असता तर शिट्ट्या झाल्या असत्या, वाफ सुटली असती, घरभर वास गेला असता. मायक्रोवेव्ह म्हणजे गुन्हा लवकर उरकायचं साधन, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. आमच्या घरात विज्ञानाने आणलेलं यंत्र उपासाच्या कामाला लागलं होतं! यात कोणाचा फायदा?

फायदा परबकाकूंचा, हे उघड होतं. काकू सोमवार धरतात. आणि त्या महिन्यात काकू आणि आई यांची कुजबुज वाढली होती. मी आत गेले की दोघी एकदम पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागायच्या. एकदा मी काकूंना जिन्यात गाठलं.

"काकू, तुम्ही आईला काय शिकवताय?"

"मी? माका काय येता शिकवूक?"

"सोमवारचं काय चाललंय?"

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आयेक विचार गो. सगळ्या जगाक विचारतंस, तिका तेवढा विचारूचा नाय." आणि पिशवी सावरत वर गेल्या. हे वाक्य मी पुरावा म्हणून नोंदवलं. ते उत्तर होतं, हे मला कळलं नाही.

पुरावे जमत गेले. आई रात्री आमच्याबरोबर जेवेनाशी झाली होती. "तुम्ही बसा, मी मागाहून बसते." एकभुक्त! तिने ठेचा खाणं सोडलं होतं, लोणच्याला हात लावत नव्हती. पथ्य! बालवाडीत गाणी म्हणायचं काम तिने मदतनीस बाईंवर टाकलं होतं. "घसा बसलाय." घरातही हळू, दात आवळल्यासारखं बोलायची. मौन! मी रात्री पप्पांकडे बघायचे आणि सांगू की नको असं व्हायचं. सांगितलं तर घर पेटेल. नाही सांगितलं तर मी सामील. तत्त्वाचा प्रश्न होता. त्या वयात, म्हणजे गेल्या वर्षी, माझ्याकडे बाकी काही नव्हतं तरी तत्त्वं भरपूर होती.

शेवटी मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. एका सोमवारी दोन अंडी उकडली, सोलली आणि आईच्या ताटलीत रताळ्याशेजारी ठेवली. आता बघू. आईने अंड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अंडं बोटांनी चुरलं आणि खाल्लं. दुसरंही खाल्लं. "आज बरी आठवण झाली आईची," म्हणाली.

शहाण्या माणसाने इथे संशय सोडून दिला असता. मी सोडला नाही. मला वाटलं, ही माझ्या पुढे गेली. तिला कळलं की मी पाळत ठेवून आहे, म्हणून तिने उपास मोडून दाखवला. संशयाचं हे एक बरं असतं, त्याला विरोधातला पुरावाही पचतो. अंडं का चुरून खाल्लं, हे मात्र मला विचारावंसं वाटलं नाही. चुरणारी बोटं मी बघितली होती. तोंड बघितलं नव्हतं.

महाशिवरात्रीला दुकानात माल मोजायचा होता म्हणून सकाळी लवकर गेले आणि दुपारीच सुटले. बिल्डिंगच्या जिन्यात सगळीकडे शिजलेल्या रताळ्यांचा वास. मी किल्लीने दार उघडलं, आवाज न करता. हो, मुद्दाम आवाज न करता. आई मायक्रोवेव्हपुढे उभी होती. मला बघून ती दचकली आणि त्याच क्षणी आत फट्‌ असा आवाज झाला. घाईत तिने भोकं पाडली नव्हती. वाफेला वाट मिळाली नाही आणि रताळं फुटलं. दार उघडलं तर छताला, काचेला, फिरत्या ताटाला सगळीकडे पिवळा लगदा.

मी फडकं घेतलं. तिने फडकं घेतलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून पुसायला लागलो. आणि मी, हातात लगद्याचं फडकं धरून, पत्रक वाचून दाखवावं तशी बोलले.

"आज महाशिवरात्र आहे. आता तरी खरं बोल. किती दिवस चाललंय हे?"

"काय चाललंय?"

"उपास. सोमवारचे. पप्पांना सांगू?"

 आईला हसू आलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, नाकातून आवाज यायला लागला. पण ओठ मिटलेलेच. माझी आई हसते तेव्हा मागची दाढ दिसते. गल्लीत सगळे तिच्या हसण्याची नक्कल करतात. त्या दिवशी ती इतकी हसत होती आणि तिचा एकही दात दिसत नव्हता.

"तोंड उघड," मी म्हणाले.

"काही नाही झालं."

"आई, तोंड उघड."

तिने उघडलं. उघडायचा प्रयत्न केला. जेमतेम दीड बोट जाईल एवढीच फट पडली आणि तिथे थांबली, कोणीतरी आतून दोरी ओढून धरावी तशी. गाल आतून पांढरे पडले होते.

"सोमवारी नाही गं," ती म्हणाली. "रोज दुपारी रताळंच खाते. दिवाळीनंतर रताळी बाजारात आली तेव्हापासून. भाकरी तोंडात जात नाही, रश्शाने आग होते. हे मऊ असतं, चुरता येतं, लवकर होतं. तू सोमवारी घरी असतेस म्हणून तुला सोमवार दिसला."

एवढंच होतं. माझ्या सुट्टीचा वार मी तिचा वार समजले होते.

मशेरी. आईची आई लावायची, दात दुखला म्हणून लहानपणी आईच्याही बोटावर दिली, आणि ते बोट पुढे पन्नास वर्षं रोज हिरड्यांवरून फिरत राहिलं. जोडीला गालात धरलेली सुपारी. तंबाखू घरात भाजली तर वास सुटेल म्हणून भाजून द्यायच्या परबकाकू. सोमवार धरून मशेरी कशी चालते, असं मी पुढे त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ती काय खावची वस्तू हा?" त्याच काकू आईला तीन महिने डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागल्या होत्या. कुजबुज ती होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

आईने फडकं पिळलं. मग तिने एक वाक्य म्हटलं, शांतपणे, बालवाडीतल्या पोरांकडून पाठ करून घेतात तसं.

"जी आई स्वतः मशेरी लावते, ती आपल्या लेकींना काय शिकवणार?"

ते माझं वाक्य होतं. दिवाळीआधी महिला मंडळासाठी मी व्यसनमुक्तीचं पत्रक लिहिलं होतं, त्यातलं. पप्पांना फार आवडलं होतं. त्यांनी ते ठळक अक्षरांत घ्यायला सांगितलं. विहारात मी ते वाचलं तेव्हा पहिल्या रांगेत आई बसली होती. टाळ्याही वाजवल्या होत्या तिने.

"चांगलं लिहिलं होतंस," आई म्हणाली. "घड्या घालताना सारखं समोर येत होतं ना, म्हणून पाठ झालं."

पत्रक लिहिणाऱ्याला वाचणारा दिसत नाही, हे मी समजू शकते. पण घड्या घालणारी समोर बसलेली असते. मी मशेरी लावणाऱ्या बायकांवर लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कोण होतं? कोणीतरी अडाणी, कुठल्यातरी झोपडीतली, दुसऱ्या कोणाची तरी आई. मला आजही वाटतं की त्या पत्रकातली माहिती खरी होती. मशेरी वाईटच आहे, सुपारी त्याहून वाईट, आणि हे मी शंभर वेळा लिहीन. पण ते एक वाक्य माहिती नव्हतं. ते वाक्य ऐकून बाई मशेरी सोडत नाही, मशेरीची डबी लपवते. आणि डबीबरोबर तोंडही लपवते.

त्या संध्याकाळी पप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं, भडकतील. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "वास यायचा मला. कधी कधी."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर पत्रक काढावं लागलं असतं."

आई आतून म्हणाली, "अहो, काढा की. घड्या घालायला मी आहेच." त्यावर आम्ही तिघं हसलो, आणि तिघांनाही ते हसू धड जमलं नाही.

दाताच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आईला तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. गेली नाहीत. गालाचा एक बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्टसाठी आठ दिवस थांबायला सांगितलं. त्या आठ दिवसांत मी कशावरच संशय घेतला नाही. भीती असली की संशयाला जागा उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. माझा तोवरचा सगळा संशय म्हणजे निवांतपणाची चैन होती.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. "नव्हता म्हणजे अजून नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुपारीने गाल आवळून ताठ झाले होते, मशेरीने चट्टे पडले होते. दोन्ही बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि रोजचा व्यायाम. व्यायाम असा, की आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची थप्पी करून दातांमध्ये धरायची आणि जमेल तशी त्यात एकेक काडी वाढवायची. पहिल्या दिवशी नऊ काड्या बसल्या. आई आरशासमोर त्या धरून उभी राहायची, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि पप्पा बाजूला हातातल्या घड्याळाकडे बघत मिनिटं मोजायचे. बालवाडीतली पोरं आइस्क्रीम खाल्लं की काडी धुऊन तिला आणून द्यायला लागली. "ताई, माझी काडी लावली?" विचारायची. तिने त्यांना सांगून टाकलं होतं. चार वर्षांच्या पोरांना तिने सांगितलं, आणि मला सांगता आलं नव्हतं.

आता चौदा काड्या बसतात. भाकरी कुस्करून खाते. गाणी परत सुरू झाली आहेत, वरचा सूर लागत नाही म्हणून खालच्या पट्टीत म्हणते. मशेरी सुटली आहे, निदान ती तसं म्हणते. बघा, "निदान" लिहिलंच मी. संशय असा जात नाही. ती बाथरूममध्ये जास्त वेळ लावते तेव्हा माझे कान टवकारतात. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे माझी नजर जाते. लाल पेन हातात देऊन वाढवलेल्या मुलीला डोळे मिटून विश्वास टाकायला सांगू नका, ते मला येणार नाही. मी एवढंच शिकते आहे, की दिसलेल्या प्रत्येक चुकीखाली रेघ ओढायची नसते.

आज ती रताळी मी घेतलीच. घरी येऊन म्हटलं, आज मंद आचेवर तव्यावर झाकण ठेवून भाजू. सावकाश शिजलेलं रताळं जास्त गोड लागतं, मध्ये कुठेतरी वाचलं होतं. घाईत शिजतं ते शिजतं, पण त्याला गोड व्हायला वेळ मिळत नाही. आई म्हणाली, "तुझं वाचन तुझ्याकडे ठेव, मला भूक लागलीये," आणि काटा घेऊन भोकं पाडायला बसली.

यंत्र घरघरत होतं. ती त्याच्याकडे तोंड करून उभी होती. मध्येच, मागे न वळता म्हणाली, "सुजा, सकाळी लावली मी."

"काय?"

"मशेरी. थोडीशी. डबी अजून आहे माझ्याकडे."

माझ्या तोंडात सगळं पत्रक मथळ्यासकट तयार झालं. ‘अजून नाही’ म्हणजे काय, ते आठव. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं? थोडीशी म्हणजे किती? आजच, की रोज? मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि ते सगळं गिळलं. गिळायला वेळ लागला.

"झोंबली?" मी विचारलं.

"लई." ती वळली. "कपाटात आहे डबी, माझ्या साड्यांखाली. तू काढू नकोस. मी काढते."

कधी, ते मी विचारलं नाही.